काठीचा मान आणि तारेचं कुंपण

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. आम्ही त्यांना सरळ काठ्या म्हणतो. पहिली काठी देवस्थानची, मानकरी हिरेहब्बू घराण्याची. दुसरी कसब्यातल्या देशमुखांची. तिसरी लिंगायत माळी समाजाची, चौथी आणि पाचवी विश्वब्राह्मण सोनार समाजाची, सहावी आणि सातवी मातंग समाजाची. संक्रांतीच्या दिवसांत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं या उंच, जड काठ्या कमरेशी पेलून, तोल सांभाळत शहरभर फिरतात. एक दिवस अडुसष्ट लिंगांचं यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचं स्नान, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा पुकारा झाला की सगळा रस्ता एका आवाजात उत्तर देतो. त्या आवाजात मराठी, कन्नड, तेलुगू सगळेच असतात.

मी पूर्व भागातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, पण घरी मराठी बोलणारी मुलं वर्गात थोडीच. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. नववीच्या वर्गात एकदा मी उपसंस्कृती म्हणजे काय ते सांगत होते. मोठ्या समाजाच्या आत राहून आपल्या वेगळ्या चालीरीती, बोली, वेश, सण, नियम जपणारा गट, असं काहीतरी. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मग सोलापूरची मुख्य संस्कृती कुठली?"

तिला मी तेव्हा जे उत्तर दिलं ते पुरेसं होतं असं मला वाटत नाही, म्हणून हा लेख.

पहिल्यांदा डोक्यात येतं ते अर्थात सिद्धेश्वर. गावाचं दैवत, तळ्यातलं देऊळ, गड्ड्याची यात्रा. याहून मुख्य ते काय असणार? पण सिद्धरामेश्वर कोण होते ते आठवून पाहा. बाराव्या शतकातले शिवयोगी, या सोन्नलगीत, म्हणजे जुन्या सोलापुरात, तळं खोदून घेणारे, कन्नडमधून वचनं लिहिणारे, बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त. कर्नाटकातल्या कल्याणच्या (आजच्या बसवकल्याणच्या) अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, चांभार, धोबी, नावाडी, सूत कातणारे यांना शेजारी बसवून देवाधर्माची चर्चा करणाऱ्या त्या मंडळींना त्या काळच्या समाजाने मुख्य मानलं नव्हतं. परंपरा सांगते की चांभार हरळय्याच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लावलं, तेव्हा राजाने दोघा बापांना देहदंड दिला आणि शरणांची पांगापांग झाली. ज्यांना कल्याण सोडून पळावं लागलं, त्यांच्या परंपरेतला एक योगी आज आमच्या शहराचा मध्यबिंदू आहे. ज्याची काठी आपण आज पहिल्या मानाची म्हणतो ती कधीकाळी बंडखोरांच्या बाजूची होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलांना मी हे दरवर्षी सांगते.

यात्रेतली कथाही तशीच. एका कुंभाराच्या मुलीने योग्याशी लग्न करण्याचा हट्ट धरला, त्याने आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, आणि तो सोहळा आजही अक्षतांच्या रूपाने होतो. राजकन्या नाही, कुंभाराची मुलगी.

आता पूर्व भागाकडे येऊ. सोलापूरला १८७७ साली पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला गाव नंतर जुनी मिल म्हणू लागलं. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरण्यांच्या आणि मागांच्या ओढीने निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक, पुढे नीलमनगरपर्यंत पसरले. जगभर ज्याला सोलापुरी चादर म्हणतात ती या लोकांच्या हातची. त्यांची समजूत अशी की त्यांचा मूळ पुरुष भावनाऋषी, मार्कंडेयाचा मुलगा, ज्याने कमळाच्या देठातल्या तंतूंपासून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागातले माग बंद असतात. एरवी या भागात राहणाऱ्याला मागाचा खडखडाट ऐकू येत नाही, इतका तो हवेत मुरलेला असतो. रथाच्या दिवशी तो थांबला की कान दचकतात.

नवरात्रात याच गल्ल्यांतून बतुकम्मा मांडली जाते. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे तुरे, झेंडू असे थर रचत फुलांचा डोंगर करायचा, भोवती फेर धरून टाळ्यांच्या तालावर तेलुगू गाणी म्हणायची. आमच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य आणि लावणी ठरलेली असते. एका वर्षी आठवीच्या मुलींनी बतुकम्मा करायचं ठरवलं. शिक्षकांच्या खोलीत बराच वाद झाला. मराठी शाळेत तेलुगू गाणं कसं चालेल, असा एक सूर होता. तो वाईट हेतूने निघाला होता असं मी म्हणणार नाही. पण कोळीनृत्य करणाऱ्या आमच्या एकाही मुलीने समुद्र पाहिलेला नव्हता. बतुकम्मा त्या मुलींच्या आज्यांना रात्री झोपेतही येते. वादाअंती नाच झाला. पालकसभेला कधी न येणाऱ्या बायका त्या संध्याकाळी पुढच्या रांगांत बसल्या होत्या.

त्या पालकसभेला का येत नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी विड्या वळतात. कारखान्याच्या शाखेतून टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायच्या, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने दुमडायचं, कट्टे बांधायचे आणि ठरलेल्या वेळी शाखेत नेऊन द्यायचे. तिथे छाट निघते. नापास ठरलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. मजुरी हजारावर. त्यामुळे दुपारी तीनची पालकसभा म्हणजे किती विड्या, हा हिशेब त्यांच्या डोक्यात लगेच होतो. शाळेचं वेळापत्रक नोकरदार घरं डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे. त्यात न बसणाऱ्या आईला आम्ही 'अनास्था' असा शेरा देऊन मोकळे होतो.

मुख्य प्रवाह कुठला हे ओळखायचं असेल तर कोणाच्या वेळेवर घड्याळं लावली आहेत ते पाहावं, असं मला त्यामुळे वाटू लागलं. संख्येचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका थोड्या नाहीत. त्यांच्या संघटनेच्या बळावर कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ साली तिथे चाव्या मिळाल्या. त्यासाठी माजी आमदार नरसय्या आडम आणि लाल बावट्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. त्याच वाटेने पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा मिळाला. भारतात इतर कुठे विडी कामगार बायकांनी मिळून गावाएवढी वस्ती उभारली असेल, तर मला ती बघायला आवडेल. तरी त्यांच्या दिवसाची मांडणी 'वेगळी', आणि दहा ते पाचवाल्यांची 'नेहमीची'.

या विषयावरचं बरंचसं अभ्यासलेखन इंग्लंड-अमेरिकेतून आलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या कामगार वस्तीतली पोरं जुन्या राजवटीतल्या श्रीमंतांसारखे लांब कोट घालून फिरू लागली. त्यांना टेडी बॉय म्हणत. मग स्कूटरवर फिरणारे, नीटनेटके सूट घालणारे मॉड आले, आणि मोटारसायकलवाले, चामडी जाकिटातले रॉकर. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन नावाच्या समुद्रकाठच्या गावात थोडी बाचाबाची आणि मोडतोड झाली. वर्तमानपत्रांनी तिची दंगल केली. स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने त्यावर अभ्यास करून १९७२ साली दाखवून दिलं की मथळ्यांतली भीती घटनेपेक्षा कितीतरी मोठी होती. आणि ती भीती वाचून पोलीस, न्यायाधीश आणि खुद्द ती पोरंही मथळ्यांप्रमाणे वागू लागली.

हे वाचताना मला दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे तिथल्या उपसंस्कृती बहुतांशी फावल्या वेळातल्या आहेत: शनिवारची रात्र, सुट्टीचा दिवस, कपडे, संगीत, गाड्या. पोरगा सोमवारी कामावर जाताना तो कोट घरी ठेवू शकतो. आमच्याकडे वेगळेपण मुख्यतः कामाच्या वेळेतलं आहे. माग, विडी, चामडं, टोपली, गाढवावरचं ओझं. ते खुंटीला टांगता येत नाही. फावल्या वेळातली वेगळेपणं सोलापुरातही आहेत, आणि मला ती मनापासून आवडतात. तेलुगू सिनेमाच्या पहिल्या खेळाला पूर्व भागातली पोरं ढोल घेऊन येतात, नटाच्या उंच कटआउटला दुधाचा अभिषेक करतात. गणपतीच्या मिरवणुकीत तालमीतालमींची लेझीम बघावी. शेकडो पोरं एका ठेक्यावर वाकतात आणि उठतात. या पोरांत कोण कोणत्या घरचं हे मिरवणूक संपेपर्यंत कुणी विचारत नाही. लेझीम निवडता येते. आडनाव आणि पत्ता निवडता येत नाही.

दुसरी गोष्ट कोहेनने सांगितलेल्या भीतीची. ती वाचताना मला आमचं सेटलमेंट आठवलं.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण शहरातल्याही अनेकांना हे नीट माहीत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत, असं त्याने ठरवलं. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी अशा भटक्या जमातींची नावं यादीत गेली. नाव यादीत गेलं की नोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर पास. यातल्या कितीतरी लोकांचा धंदा मालवाहतुकीचा होता, गाढवांच्या आणि बैलांच्या पाठीवरून मीठ, धान्य गावोगाव पोचवायचं. रेल्वे आली, सोलापूरला ती १८६०च्या सुमारास पोचली, आणि तो धंदा बुडाला. धंदा बुडालेली आणि एका जागी न राहणारी माणसं राज्यकर्त्यांना संशयास्पद वाटली. इंग्लंडात वर्तमानपत्रांनी जे मथळ्यांतून केलं ते इथे सरकारने कायद्याची कलमं लिहून केलं, आणि ऐंशी वर्षं चालू ठेवलं.

सोलापुरात या लोकांसाठी वसाहत झाली, तेच हे सेटलमेंट. भोवती तारेचं कुंपण, दाराशी हजेरी. बायकापोरांसह कुटुंबंच्या कुटुंबं आत. आणि शेजारी गिरण्या होत्या, त्यांना मजूर हवे होते. कुंपणातली माणसं गिरणीत कामाला जात आणि हजेरीला परत येत. सोलापुरी कापडाच्या कीर्तीत त्यांचे हात आहेत, हे कुठल्याही चादरीच्या जाहिरातीत येत नाही. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला, सगळ्या देशातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. तेव्हापासून हे लोक विमुक्त. ३१ ऑगस्टला वस्तीत विमुक्त दिन साजरा होतो.

म्हणजे एकाच शहराने वेगळ्या माणसांशी वागायच्या दोन तऱ्हा पाहिल्या आहेत. एक काठीची. तू वेगळा आहेस, तुझी बोली, तुझं काम वेगळं आहे, तर मिरवणुकीत तुझी जागा ही, तुझा मान हा, आणि तू आल्याशिवाय मिरवणूक पूर्ण होत नाही. दुसरी तारेची. तू वेगळा आहेस, म्हणून तू आत आणि आम्ही बाहेर.

काठीची तऱ्हा मला प्रिय आहे, पण तिच्यातलं उणं मला दिसत नाही असं नाही. मान वाटून देणारी व्यवस्था क्रमही ठरवून देते. सातवी काठी सातवीच राहते. काठी पेलणारे सगळे पुरुष. कुंभाराच्या मुलीच्या लग्नाच्या या सोहळ्यात बायका बघायला आणि ओवाळायला. आणि ज्यांना काठी नाही असे कितीतरी समाज शहरात आहेत. ते रस्त्याच्या कडेला भक्तिभावाने उभे राहतात, पण मानकऱ्यांत नाहीत. तरीही मानाच्या व्यवस्थेत भांडता येतं. माझा क्रम बदला, मलाही जागा द्या, असं म्हणता येतं. तारेच्या आत हजेरी देणाऱ्याला तेवढंही बोलता येत नव्हतं.

सोलापूरला एक तिसरी गोष्टही घडली आहे, थोडेच दिवस टिकलेली. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर गिरणी कामगार रस्त्यावर आले, पोलीस मागे हटले, काही दिवस शहरावर इंग्रजांची हुकमत उरली नाही, आणि मग लष्करी कायदा आला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. ही चार नावं एका दमात वाचा. चार घरांच्या चार तऱ्हा आहेत त्यात. सत्तेने शिक्षेसाठी निवडलेल्या या चौघांना गावाने एका चबुतऱ्यावर उभं केलं. तिथे पहिला-चौथा असा क्रम नाही.

मग माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न. आता विचारलं तर मी तिला सांगेन की ज्याला स्वतःबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही आणि काही लपवावंही लागत नाही, तो त्या घटकेला मुख्य प्रवाहात असतो. घटका म्हणते, कारण माणूस हलला की हे बदलतं. पूर्व भागात तेलुगू बोलणारा मुलगा आपल्या गल्लीत मुख्य असतो. मराठी कुटुंबच तिथे भाडेकरू असतं आणि तेलुगू शिकतं. तोच मुलगा नोकरीला पुण्यात गेला की त्याचं 'काय करलालास बे' आठवडाभरात जिभेवरून जातं. माझे जुने विद्यार्थी दिवाळीला भेटायला येतात, तेव्हा पहिली दहा मिनिटं ते पुण्याचं मराठी बोलतात. मला त्याचा त्रास होतो. त्यांना कुणीतरी हसलेलं असतं म्हणून ते तसं बोलतात, हे कळतं म्हणून जास्त त्रास होतो. चहा झाला की 'बाई, तुमी लई बारीक झालाव की' असं सुरू होतं आणि मला बरं वाटतं.

लपवण्याची सगळ्यात अवघड तऱ्हा मी शाळेच्या अर्जांवर पाहते. सेटलमेंटमधून येणारी काही मुलं पत्त्याच्या रकान्यात जवळच्या दुसऱ्या नगराचं नाव लिहितात. घरच्यांनीच तसं शिकवलेलं असतं. कुंपण काढून सत्तर वर्षं उलटली. पण वर्गात कुणाचा डबा हरवला, पैसे हरवले, की मुलांच्या नजरा कुठे वळतात हे मी पाहिलेलं आहे. त्या नजरा कुणी वर्गात शिकवलेल्या नसतात. आईबापांच्या बोलण्यातून आणि वर्तमानपत्रातल्या 'सराईत' या शब्दाशेजारी छापलेल्या जमातीच्या नावातून त्या येतात. म्हणून चोरीच्या तक्रारीत मी वर्गात झडती घेत नाही आणि घेऊ देत नाही. यावरून माझं सहकाऱ्यांशी वाजलेलं आहे आणि पुन्हाही वाजेल.

दरवर्षी मी नववीला शहराची इतिहासफेरी काढते. तळ्यातलं देऊळ, किल्ला, चार हुतात्मा पुतळा, जुन्या मिलचा परिसर, मार्कंडेय मंदिर. यंदा त्यात सेटलमेंट घ्यावं असं मनात होतं. तिथल्या लोकांच्या तोंडून मुलांनी ऐकावं, पुस्तकात दोन ओळींत येणारा कायदा आपल्या शहरात कुठे राहत होता ते पाहावं. आधी त्या वस्तीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना विचारायला गेले. ते रिक्षा चालवतात. त्यांनी मला सगळी वस्ती फिरून दाखवली, हजेरी कुठे व्हायची ते दाखवलं, आजोबांच्या गिरणीतल्या नोकरीचं सांगितलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाय. पण पोरगं आमचं दहावी होऊ द्या. त्याच्या वर्गातल्यांना तो कुठला ते आज कळायला नको. पुढं आमीच येतो शाळेत सांगायला."

त्यांचं म्हणणं मी मानलं. फेरी यंदा जुन्या मिलपर्यंतच जाईल. तिथे थांबून मी मुलांना कुंपणाचं, हजेरीचं आणि पासाचं सांगणार आहे, १८७१ पासून १९५२ पर्यंत सगळं. आत्ताची घरं कुठे आहेत ते सांगणार नाही. कुणी विचारलंच, तर सोलापुरात, एवढंच उत्तर देईन.